किडीची मोजणी होते, फवारणाऱ्याची केव्हा?

अंगावर वागविता येणारे विद्युत-रासायनिक जैवसंवेदक आणि बंगळुरूतील विषरोधक कापड यांच्या निमित्ताने

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी केव्हा करावी, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी आठ पतंग आढळले, किंवा तपासलेल्या फुलांपैकी अथवा बोंडांपैकी दहा टक्के प्रादुर्भावग्रस्त निघाली, की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजले जाते. त्यापूर्वीची फवारणी अनाठायी ठरते आणि त्यानंतरची उशिराची. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पाया अशा मोजणीवरच घातलेला आहे.

त्याच शेतात पाठीवर पंप घेऊन तासन्‌तास फिरणाऱ्या माणसासाठी मात्र असा आकडा नाही. त्याच्या कातडीवर किती कीटकनाशक पडले, त्यातील किती रक्तात उतरले, आणखी किती सोसण्याची त्याच्या शरीराची ताकद उरली आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि त्याला कामावर लावणाऱ्यालाही नसते. डोळ्यांपुढे अंधारी येणे, मळमळणे, छाती भरून येणे हीच त्याची मोजपट्टी. ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. विषाचा स्पर्श आणि त्याचा परिणाम लक्षणांपूर्वीच आकड्यांत सांगू शकेल असे एक तंत्र आता आकार घेत आहे. कातडीवर, मनगटावर किंवा हातमोज्यावर बसविता येणारा विद्युत-रासायनिक जैवसंवेदक हे ते तंत्र होय. बंगळुरूमध्ये याच प्रश्नाच्या दुसऱ्या अंगावर, म्हणजे विष कातडीपर्यंत पोहोचूच न देण्यावर, महत्त्वाचे काम झाले आहे. या दोन्ही प्रयत्नांकडे एकत्र पाहणे शेतकऱ्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

यवतमाळचा धडा

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी अनेक ठिकाणी कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती. उंच पिकात फवारा वर धरावा लागतो आणि तुषार चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर येतात. दाट पिकात वारा खेळत नाही, उकाड्यात संरक्षक कपडे अंगावर ठेववत नाहीत आणि घामाने ओली झालेली कातडी विष अधिक सहजपणे आत घेते. शिवाय दोन-तीन रसायने एकत्र मिसळून फवारण्याचा प्रघात होताच.

नाकातोंडावर रुमाल बांधला म्हणजे झाले, असा समज आजही आहे. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या शरीरात विष शिरण्याचा मुख्य मार्ग कातडी हा असतो. पॅराथिऑन या कीटकनाशकावर मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेला, मानवी स्वयंसेवकांवरील अभ्यास या बाबतीत आजही आधारभूत मानला जातो. कोपराखालच्या हातावर लावलेल्या मात्रेपैकी सुमारे 9 टक्के शरीरात शोषली गेली. तळहातावर हे प्रमाण सुमारे 12 टक्के, कपाळावर 36 टक्के आणि काखेत 64 टक्के होते. वृषणाच्या कातडीतून तर जवळजवळ सर्वच मात्रा आत गेली. गळक्या पंपातून पाठीवरून खाली ओघळणारे द्रावण, ओल्या पायजम्याने तसेच काम करीत राहणे किंवा कपाळाचा घाम औषधाच्या हाताने पुसणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून ध्यानी येते.

एकच विकर: किडीत, माणसात आणि संवेदकात

ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतील कीटकनाशके किडीला मारतात ती तिच्या चेतासंस्थेवर घाला घालून. एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश पोहोचविण्याचे काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करते. संदेश पोहोचताच ते तत्काळ नष्ट व्हावे लागते, अन्यथा चेता उद्दीपितच राहते. ही सफाई ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. त्याचा वेग थक्क करणारा आहे. विकराचा एक रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. ऑर्गनोफॉस्फेटचा रेणू या विकराच्या क्रियास्थानी घट्ट बसला की सफाई थांबते. कीड थरथरते, तिला लकवा येतो आणि ती मरते.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या वर्षापासून शिकविले जाते. मात्र हेच विकर माणसाच्या मेंदूत, स्नायूंत आणि रक्तातील तांबड्या पेशींवरही असते, याचा विचार तितका होत नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, लाळ व अश्रू वाहणे, दरदरून घाम, पोटात मुरडा, स्नायूंचे फुरफुरणे आणि अखेरीस श्वास थांबणे ही माणसातील लक्षणे त्याच बिघाडाची आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तांबड्या पेशीवरील विकर एकदा कायमचे निकामी झाले, की त्या पेशीला नवे विकर तयार करता येत नाही. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असल्यामुळे ही भरपाई दिवसाला साधारण एक टक्का या मंद गतीने होते. चार-पाच दिवसांच्या अंतराने फवारणी करणाऱ्या मजुराच्या बाबतीत आधीची तूट भरून निघण्यापूर्वीच नवी तूट पडते. विकराची पातळी निम्म्याच्या आसपास उतरेपर्यंत ठळक लक्षणे बहुधा दिसत नाहीत. म्हणूनच ‘काल इतकेच मारले, काही झाले नाही’ असे म्हणणारा माणूस आज तेवढ्याच मात्रेने कोसळू शकतो. विषबाधा एका दिवसाची दिसली, तरी तिची बेरीज अनेक दिवसांची असते. ही बेरीज डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी मोजमापच हवे.

बंगळुरूचे कवच

बंगळुरूच्या उत्तरेस गांधी कृषी विज्ञान केंद्राचा, म्हणजे तेथील कृषी विद्यापीठाचा, विस्तीर्ण परिसर आहे. त्याच परिसरात मूलपेशींवर संशोधन करणारी इनस्टेम ही केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था आहे. तेथील रसायनशास्त्रज्ञ प्रवीण वेमुला यांच्या गटाने या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. जाड कापड विष अडविते, पण ते नष्ट करीत नाही. कापड भिजले की विष आत झिरपते. त्याऐवजी कातडीला लागण्यापूर्वीच विषाचा रेणू मोडता आला तर?

यासाठी त्यांनी ऑक्झाइम या रासायनिक गटाचा आधार घेतला. विषबाधेच्या रुग्णाला ॲट्रोपीनच्या जोडीने दिले जाणारे प्रॅलिडॉक्झाइम हे औषधही याच गटातील आहे. ऑक्झाइम ऑर्गनोफॉस्फेटच्या फॉस्फरस अणूवर हल्ला करून रेणू तोडते. इनस्टेमच्या गटाने कायटोसान या नैसर्गिक बहुवारिकाला ऑक्झाइम जोडून अंगाला लावण्याचे जेल तयार केले. कायटोसान मिळते ते कायटिनपासून, आणि कायटिन हा खेकड्यांच्या व कीटकांच्या कवचाचा मुख्य घटक आहे. 2018 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कातडीवर हे जेल लावलेले उंदीर कीटकनाशकाच्या घातक मात्रेतून वाचले आणि जेल न लावलेले दगावले.

पुढचे पाऊल होते तेच रसायन सुती कापडाच्या धाग्याला पक्के जोडण्याचे. त्यातून ‘किसान कवच’ हा पोशाख साकारला. इनस्टेम आणि बंगळुरूची सेपिओ हेल्थ ही कंपनी यांनी मिळून विकसित केलेल्या या पोशाखाचे अनावरण 17 डिसेंबर 2024 रोजी नवी दिल्लीत केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते झाले. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, सुमारे वर्षभर टिकतो आणि त्याची किंमत 4,000 रुपये सांगण्यात आली. कापड सुती असल्यामुळे प्लास्टिकच्या पोशाखात होते तशी घुसमट होत नाही, हा त्याचा व्यावहारिक गुण मोलाचा आहे. जे कपडे उकाड्यात घालवत नाहीत, त्यांनी संरक्षण होत नाही.

तथापि, कवच कितीही चांगले असले तरी एक प्रश्न उरतोच. ते आपले काम करीत आहे की नाही, हे फवारणाऱ्याला कसे कळावे? अनेक धुण्यांनंतर त्याची शक्ती किती उरली? बाह्या वर सरकवल्या असतील, पंप गळत असेल, तर किती विष आत गेले? संवेदकाची गरज येथे सुरू होते.

विषाचे विद्युतप्रवाहात रूपांतर

विद्युत-रासायनिक जैवसंवेदकाचे तत्त्व साधे आहे. एखादे जैविक द्रव्य, बहुधा विकर, विद्युतअग्रावर बसविलेले असते. ते ठरावीक रसायनाशीच क्रिया करते. त्या क्रियेतून निर्माण होणारे द्रव्य विद्युतअग्राला इलेक्ट्रॉन देते किंवा त्याच्याकडून घेते, आणि या देवाणघेवाणीचा सूक्ष्म प्रवाह मोजला जातो. प्रवाह जितका, तितके रसायन. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 साली रक्तातील ग्लुकोज मोजण्यासाठी ही कल्पना मांडली. आज घरोघरी मधुमेहाच्या रुग्णांकडे असणारे साखर तपासण्याचे यंत्र आणि दंडावर चिकटवून सलग चौदा दिवस साखर दाखविणारी चकती ही त्याच कल्पनेची अपत्ये आहेत. 2016 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गटाने मनगटावरील पट्टीने घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम व पोटॅशियम एकाच वेळी मोजून दाखविले. उन्हात राबणाऱ्याच्या शरीरातून किती क्षार निघून गेले, हे कळणे शेतमजुराच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

या विद्येची परंपरा बंगळुरूतही रुजली आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील नवकांत भट यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या पाथशोध या कंपनीने रक्ताच्या वा लघवीच्या थेंबावरून मधुमेह व मूत्रपिंडाशी निगडित अनेक घटक मोजणारे, हातात मावणारे विद्युत-रासायनिक यंत्र विकसित केले. छापील पट्टी बदलली की त्याच यंत्रावर दुसरी तपासणी करता येते. कवच आणि मापक या दोन्हींसाठी लागणारे ज्ञान एकाच शहरात काही किलोमीटरच्या अंतरावर उपलब्ध आहे.

कीटकनाशक ओळखण्यासाठी विकराचा उपयोग दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात कोलिनएस्टरेज हेच विद्युतअग्रावर बसवितात. निरोगी विकर प्रवाह देते आणि कीटकनाशक लागताच प्रवाह घटतो. किडीच्या शरीरात जे घडते, तेच येथे पट्टीवर घडते. मात्र एकदा विष लागलेली पट्टी सहसा पुन्हा वापरता येत नाही. दुसऱ्या प्रकारात विष मोडणारे विकर वापरतात. ते मिथाइल पॅराथिऑनसारख्या रेणूचे तुकडे करते आणि त्यातून निघालेल्या नायट्रोफिनॉलमुळे प्रवाह वाढतो. अशा विकरांचा माग शेतीतच लागला, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट आहे. भारतीय मृदाजीवशास्त्रज्ञ एन. सेतुनाथन यांनी योशिदा यांच्यासह 1973 साली, फिलिपिन्समधील भातखाचराच्या मातीतून डायझिनॉन व पॅराथिऑन यांचे विघटन करणारा जिवाणू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले होते.

हातमोज्यावरील प्रयोगशाळा

दुसऱ्या प्रकारचे विकर वापरून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील जोसेफ वांग यांच्या गटाने 2017 साली एक हातमोजा सादर केला. त्याच्या तर्जनीवर ताणले तरी न तुटणाऱ्या नागमोडी रेषांत कार्बनच्या शाईने विद्युतअग्रे छापलेली होती, तर अंगठ्यावर नमुना गोळा करणारी कार्बनची चकती होती. फळावर किंवा भांड्यावर अंगठा घासावा, मग तो तर्जनीला टेकवावा, आणि ऑर्गनोफॉस्फेट असल्यास त्याचा संकेत मोबाइलवर मिळावा, अशी ही योजना. पुढे ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांनी हातमोज्याच्या तीन बोटांवर वेगवेगळी विद्युतअग्रे छापून कार्बेन्डाझिम, डाययुरॉन, पॅराक्वाट आणि फेनिट्रोथिऑन या निरनिराळ्या गटांतील रसायनांची ओळख पटविली.

हे हातमोजे आज शेतात वापरले जात नाहीत, ती प्रयोगशाळेतील यशस्वी उदाहरणे आहेत. त्यांच्यावरून पुढची दिशा मात्र स्पष्ट होते. कवचाच्या आतल्या बाजूस, काखेजवळ किंवा कमरेशी, एक लहानशी छापील पट्टी असावी आणि विष तेथवर झिरपल्यास तिने इशारा द्यावा. ही झाली बाहेरची राखण. आत गेलेल्या विषाच्या मोजणीसाठी बोटाच्या टोकातील रक्ताचा थेंब अजूनही सर्वांत भरवशाचा आहे, कारण तांबड्या पेशींवरील कोलिनएस्टरेज हाच शरीरातील हानीचा थेट साक्षीदार आहे.

आकड्याच्या मर्यादा

आकडा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पहिली मर्यादा जैविक आहे. कोलिनएस्टरेजची नैसर्गिक पातळी माणसागणिक वेगळी असते. एकाची निरोगी पातळी दुसऱ्याच्या विषबाधित पातळीएवढी असू शकते. म्हणून हंगामापूर्वी, फवारणी सुरू होण्याआधी, प्रत्येकाची मूळ पातळी नोंदवावी लागते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात 1974 पासून ही पद्धत कायद्याने लागू आहे. मूळ पातळीच्या 80 टक्क्यांखाली घसरण झाल्यास कामाच्या पद्धतीची तपासणी होते. तांबड्या पेशींतील पातळी 70 टक्के किंवा त्याहून कमी, अथवा रक्तद्रवातील पातळी 60 टक्के किंवा त्याहून कमी झाल्यास त्या कामगाराला कीटकनाशकाच्या कामावरून दूर ठेवले जाते. पातळी पुन्हा 80 टक्क्यांवर आल्याशिवाय तो परत फवारणीस जात नाही. माणसासाठी ठरविलेली ही एक प्रकारची नुकसान पातळीच आहे.

दुसरी मर्यादा रासायनिक आहे. कोलिनएस्टरेजवर आधारलेला संवेदक ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेट यांच्यापुरताच बोलतो. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड्स, सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड्स किंवा डायफेन्थियुरॉन यांचे लक्ष्य निराळे आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा संवेदक मूक राहतो. मिश्रणे फवारणाऱ्याला ‘पट्टी शांत आहे, म्हणजे मी सुरक्षित’ असे वाटणे हा नवाच धोका ठरेल. शिवाय उष्म्याने विकर दुबळे होते, धूळ आणि घाम संकेतात गोंधळ घालतात. प्रयोगशाळेतील पट्टी आणि भर ऑगस्टमधील विदर्भाचे शेत यांत बरेच अंतर आहे.

तिसरी मर्यादा सामाजिक असून ती सर्वांत अवघड आहे. फवारणी करणाऱ्यांत मोठा भरणा रोजंदारीच्या मजुरांचा असतो. संवेदकाने ‘थांब’ म्हटले, तर त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची? ती सोय नसेल तर मजूर पट्टी काढून खिशात ठेवील, किंवा पातळी उतरलेल्या मजुराला कामच नाकारले जाईल. ज्याच्या रक्षणासाठी आकडा काढायचा, तो त्याच्याच विरुद्ध वापरला जाऊ नये, याची तजवीज यंत्र शेतात येण्यापूर्वीच व्हावयास हवी. मोजणीबरोबर दुसऱ्या कामाची हमी हवी आणि ती नोंद कोणाच्या हाती राहणार याचा नियमही हवा.

संवेदक येईपर्यंत

अंगावर वागविता येणारा संवेदक खेड्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागेल. त्याच्यामागील विचार मात्र आजच अमलात आणता येतो. नियमित फवारणी करणाऱ्यांची खरिपापूर्वी एकदा आणि हंगामात एक-दोनदा कोलिनएस्टरेज तपासणी तालुका पातळीवर झाली, तर कोणाला विश्रांतीची गरज आहे हे लक्षणांची वाट न पाहता कळेल. यासाठी नवे संशोधन लागत नाही. ही तपासणी जुनी व प्रस्थापित आहे. कृषी विज्ञान केंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या संयुक्त शिबिरातून तिची सुरुवात करता येईल.

शेतकऱ्याच्या हाती असलेल्या गोष्टीही थोड्या नाहीत. पंप गळका नसावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. उंच पिकात शक्यतो सकाळी लवकर वा संध्याकाळी काम करावे. शिफारस नसलेली मिश्रणे टाळावीत. सलग अनेक दिवस एकाच माणसाने फवारणी करू नये. कपडे ओले होताच बदलावेत आणि काम संपताच साबणाने अंघोळ करावी. ते कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. विषबाधेची शंका येताच कपडे उतरवून अंग धुवावे आणि रुग्णालयात जाताना औषधाच्या डब्याचे लेबल सोबत न्यावे. कोणते रसायन ते कळल्याशिवाय डॉक्टरांना योग्य उपचार ठरविणे कठीण जाते.

सर्वांत परिणामकारक संरक्षण म्हणजे टळलेली फवारणी. सापळ्यातील पतंग मोजून, गरज नसेल तेव्हा पंप न उचलणारा शेतकरी मित्रकीटक राखतो, पैसा वाचवितो आणि स्वतःचे कोलिनएस्टरेजही राखतो. ज्या शास्त्राने पतंग मोजावयास शिकविले, त्यानेच आता पंप वाहणाऱ्याच्या रक्ताकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे. पीक संरक्षणाच्या प्रत्येक शिफारशीत किडीच्या नुकसान पातळीशेजारी फवारणाऱ्याच्या सुरक्षित पातळीचा आकडा छापला जाईल, तेव्हा ती शिफारस पूर्ण झाली असे म्हणता येईल.